पाठीवरचा हात : देवमाशाची प्रकृती ओळखण्याचा इतिहास

जनावर किती भरले आहे हे काट्याशिवाय सांगणे ही मराठवाड्याच्या आठवडी बाजारातली जुनी विद्या आहे. शेळीच्या पाठीवर पंजा ठेवायचा, अंगठा आणि बोटे कण्याच्या दोन बाजूंना उतरवायची, शेवटच्या बरगडीमागे हाताला किती मांस लागते ते पाहायचे आणि मग हात छातीखाली न्यायचा. हेडी हे काम काही सेकंदांत उरकतो आणि पुढचा सौदा रुमालाखाली बोटांच्या खुणांनी होतो. गाई-बैलांच्या बाबतीत हाताआधी डोळा चालतो. माकडहाड वर आले आहे का, बरगड्या मोजता येतात का, शेपटीच्या बुडख्याशी खळगे पडले आहेत का, एवढे पाहिले की जाणत्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

मी पशुवैद्य आहे. माझी बहुतेक नोकरी धाराशिव जिल्ह्यात गेली, म्हणजे उस्मानाबादी शेळी आणि देवणी, लाल कंधारी गुरे यांच्या सहवासात गेली. निवृत्तीनंतर देवमाशांवरचे शोधनिबंध वाचनात आले आणि त्यांतले प्रश्न मला ओळखीचे वाटले. हे जनावर रोड झाले आहे का? मादी गाभण आहे की दूध पाजते आहे? पिल्लू अंग धरते आहे का? फरक इतकाच, की त्या जनावराच्या पाठीवर कोणालाही हात ठेवता येत नाही. ते बहुतेक वेळ पाण्याखाली असते, वर येते ते श्वासापुरते, आणि त्याला तोलेल असा काटा नाही. तरीही आज शास्त्रज्ञ जिवंत, मोकळ्या देवमाशाच्या अंगावर किती साठा आहे हे बऱ्यापैकी सांगू शकतात. ही विद्या कुठून आली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या लेखात मांडायचे आहे.

धाराशिवच्या माणसाने समुद्राबद्दल लिहावे यात नवल वाटू नये. याच जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात तगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. तिथून तो ज्या समुद्रात उतरे, तो अरबी समुद्र. देवमाशांचे एक फार जुने वर्णन याच समुद्रातले आहे.

लांबीची नोंद

इ.स.पूर्व ३२५ मध्ये सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे निघाला. त्याची हकिगत एरियनच्या ‘इंडिका’ या ग्रंथात आली आहे. मकरानच्या किनाऱ्यापाशी समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना पाहून वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्ही गळाली. निआर्कसने जहाजे रांगेत लावली, आरडाओरडा करवला, तुताऱ्या फुंकवल्या आणि देवमासे खाली गेले. त्याच किनाऱ्यावरचे लोक देवमाशांची हाडे घरांच्या बांधणीत वापरत असल्याची नोंद तो करतो. किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाची लांबी त्याने ५० हात सांगितली आहे. त्याच्या कातडीवर शिंपले आणि शेवाळ चिकटले होते, असेही तो लिहितो.

या वर्णनातली एक गोष्ट पुढच्या दोन हजार वर्षांत फारशी बदलली नाही. देवमासा किनाऱ्याला लागला की माणूस त्याची लांबी मोजतो. घेर मोजत नाही. बाजारात शेळी घेताना तिची लांबी विचारणारा गिऱ्हाईक मला आजवर भेटला नाही. लांबी वय आणि जात सांगते. जनावर खात होते की उपाशी होते हे घेर सांगतो.

तेलाच्या पिंपांत मोजलेले शरीर

देवमाशाच्या जाडपणाचा पहिला पद्धतशीर विचार शिकारी कंपन्यांनी केला, कारण जाडपणा म्हणजे तेल. कातडीखालचा चरबीचा थर उकळून तेल निघे आणि ते पिंपांत मोजले जाई. विसाव्या शतकात अंटार्क्टिकमधली शिकार वाटून घेण्यासाठी ‘ब्लू व्हेल युनिट’ नावाचे एकक ठरले. एक निळा देवमासा बरोबर दोन फिन देवमासे, बरोबर अडीच कुबडे देवमासे, बरोबर सहा सेई देवमासे, असा तो हिशेब. हा हिशेब जातींच्या संख्येवर नव्हता, त्यांच्यातून निघणाऱ्या तेलावर होता. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने तो १९७२ पर्यंत चालवला. या एककामुळे कोणती जात किती उरली हे कोट्यात दिसेनासे झाले आणि सगळ्यात मोठ्या जातीवर सगळ्यात आधी गदा आली.

याच शिकारीच्या आधाराने शास्त्रही उभे राहिले. १९२५ पासून ब्रिटिश सरकारच्या ‘डिस्कव्हरी’ संशोधन मोहिमेने दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर, देवमासे फाडण्याच्या फलाटाशेजारी प्रयोगशाळा थाटली. मॅकिंटॉश आणि व्हीलर या दोघांनी तिथे आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळून १,६८३ देवमासे तपासले आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. चरबीच्या थराची जाडी त्यांनी जनावरागणिक टिपली होती. गाभण माद्या सगळ्यांत भरलेल्या आणि पाजणाऱ्या माद्या सगळ्यांत उतरलेल्या, हे त्या मापांतून दिसले. गोठ्यात हे कोणीही सांगितले असते. पण समुद्रातल्या जनावराबद्दल ते पहिल्यांदाच आकड्यांत आले. त्याच बेटावर १९२६ मध्ये सुमारे २७ मीटर लांबीची एक निळी मादी तुकडे करून काट्यावर चढवली गेली. बेरीज १२२ टनांच्या घरात गेली.

पुढे १९८०च्या दशकात आइसलँडमध्ये मारलेल्या फिन आणि सेई देवमाशांवर क्रिस्टिना लॉकियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आणि चरबीच्या थराबद्दलचा एक समज दुरुस्त झाला. थर जाड दिसतो म्हणजे जनावर तृप्त, असे नेहमी नसते. उपासात थरातले तेल कमी होते, पण थर त्या प्रमाणात पातळ होतोच असे नाही. शिवाय साठा स्नायूंत आणि आतड्यांभोवतीही असतो. शेळीचेही असेच आहे. मेंढी पाठीवर चरबी धरते, शेळी आधी पोटात धरते. म्हणून शेळीची पाठ चाचपून झाल्यावर छातीचे हाडही चाचपावे लागते.

१९६६चा नोव्हेंबर

या इतिहासातला सर्वांत कठोर भाग आपल्या समुद्रात घडला. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी अरबी समुद्रात ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २३८ कुबडे देवमासे मारले. आदल्या वर्षी चार मारले होते. ही शिकार आंतरराष्ट्रीय नियमांविरुद्ध होती आणि तिचे खरे आकडे अनेक वर्षे दडवून ठेवले गेले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते बाहेर आले आणि यूरी मिखालेव या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली.

त्या माहितीतून एक अजब गोष्ट समोर आली. जगातले इतर कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे जाऊन पोट भरतात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात येऊन वितात. उष्ण पाण्यात ते जवळजवळ उपाशी असतात. अरबी समुद्रात मारलेल्यांच्या पोटांत मात्र मासळी आणि कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव होते. माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या लांबीवरून त्यांचे विण्याचे चक्र उत्तर गोलार्धाचे निघाले, म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते. ते इथेच जन्मत होते, इथेच चरत होते आणि इथेच वीत होते. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने याला दुजोरा दिला. हा कळप इतर कुबड्या देवमाशांपासून सुमारे ७० हजार वर्षे वेगळा राहिला आहे. ओमानच्या किनाऱ्यावरच्या छायाचित्रांवरून तिथली संख्या ८२च्या आसपास असावी असा अंदाज निघाला. एका महिन्यात मारलेले २३८ आणि अंदाजातले ८२ हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या नोव्हेंबरचा अर्थ कळतो. हा कळप इथलाच रहिवासी आहे, हे ज्या शिकारीमुळे आपल्याला कळले, त्याच शिकारीने तो जवळजवळ संपवला.

हाताची विद्या कागदावर

देवमासे असे फाडून मोजले जात होते, त्याच काळात पाळीव जनावरांच्या बाबतीत उलट दिशेने काम चालले होते. टास्मानियात १९६१ मध्ये जेफरीज यांनी मेंढीच्या कमरेचा कणा चाचपून शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत मांडली. शून्य म्हणजे कातडी आणि हाड, पाच म्हणजे कणा हातालाच लागत नाही. हेडी जे करतो तेच हे, पण एकाचा गुण दुसऱ्याला पडताळता येईल अशा भाषेत. १९६९ मध्ये स्कॉटलंडमध्ये रसेल, डोनी आणि गन यांनी आधी मेंढ्यांना गुण दिले, मग त्या कापून अंगातली चरबी मोजली. गुण आणि चरबी यांचा मेळ चांगला बसला. तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. नोकरीत आम्हीही ती शिकलो आणि तिला ‘बॉडी कंडिशन स्कोअर’ म्हणत आलो.

जोडीला फितीचा हिशेब होता. छातीचा घेर इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ३००ने भागायचे. वजन पौंडांत येते. घेर २८ इंच आणि लांबी २४ इंच असलेली शेळी या हिशेबाने सुमारे ६३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस किलो भरते. लांबी एकदाच गुणली जाते आणि घेर दोनदा, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गुणांचा खरा उपयोग दुष्काळात कळतो. जनावर मरते तेव्हा दुष्काळ कधीचा येऊन बसलेला असतो. त्याच्या कितीतरी आधी पाठ उतरते, मग दूध आटते, मग माजावर येणे थांबते. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे, पण फळण्याच्या वेळी अंगावर मांस नसेल तर ती एकावर येते किंवा रिकामी राहते. गावातल्या जनावरांची संख्या तोवर तितकीच दिसत असते. २०१३ आणि २०१९च्या चारा छावण्यांत मी पाहिलेल्या नोंदवह्यांत जनावरांची संख्या होती, चाऱ्याचे वजन होते. जनावर भरले की उतरले याचा रकाना नव्हता. छावणीवरच्या बायकांना मात्र प्रत्येक गाईचे ते पाठ असायचे.

छायाचित्रातली मान

देवमाशांच्या अभ्यासकांनी हीच वाट समुद्रात काढली. उत्तर अटलांटिकमधला राइट देवमासा आज ४००पेक्षाही कमी उरला आहे. डोक्यावरच्या खरबरीत चट्ट्यांवरून त्यातला एकेक ओळखता येतो आणि अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड मत्स्यालयात त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. २००४ मध्ये हेदर पेटिस आणि सहकाऱ्यांनी या जुन्या फोटोंना गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. श्वासरंध्रामागची पाठ भरलेली आहे, सपाट आहे की खोलगट आहे? कातडी कशी आहे? श्वासरंध्राजवळ उवांसारखे जीव किती आहेत? ओरखडे आहेत का? यांतला पहिला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. शेळीच्या कमरेवर हात जे शोधतो, ते इथे मानेवर डोळा शोधतो. २०१६ मध्ये तीस वर्षांच्या फोटोंचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. माद्यांची प्रकृती ज्या काळात उतरली, त्या काळात पिल्लेही कमी झाली, असे त्यातून दिसले.

उत्तर पॅसिफिकमधल्या करड्या देवमाशांचे उदाहरण याहून ताजे आहे. २०१९ पासून मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर ते मोठ्या संख्येने मरून लागू लागले. त्यांतले अनेक हाडांवर आलेले होते. आर्क्टिकमधल्या त्यांच्या चराऊ जागांत झालेला बदल याच्या मुळाशी असल्याचे अभ्यासकांनी मांडले. २०१६च्या सुमारास २७ हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या २०२३ पर्यंत साडेचौदा हजारांच्या आसपास आली.

फोटोवरून गुण देणे हे डोळ्याचे काम झाले. फितीचे काम आकाशातून झाले. वेन पेरीमन आणि मॉर्गन लिन यांनी विमानातून घेतलेल्या उभ्या छायाचित्रांवर करड्या देवमाशांची लांबी-रुंदी मोजली आणि २००२ मध्ये दाखवून दिले, की दक्षिणेकडे जाणारे आणि उपास काढून उत्तरेकडे परतणारे देवमासे रुंदीवरून वेगळे ओळखता येतात. पुढे ड्रोन आले आणि हे काम लहान होडीवरूनही जमू लागले. ड्रोनची उंची आणि कॅमेऱ्याचे भिंग माहीत असेल तर चित्रातल्या ठिपक्यांचे मीटर करता येतात. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबीच्या दर पाच टक्क्यांवर रुंदी घ्यायची, शरीराच्या त्या चकत्या एकावर एक रचायच्या आणि आकारमान काढायचे. आमच्या फितीच्या हिशेबात घेर एका जागी घेतात, इथे अनेक जागी घेतात, एवढाच फरक.

फ्रेड्रिक ख्रिश्चनसेन आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर दक्षिणी राइट देवमाशांच्या आया आणि पिल्ले पुन्हा पुन्हा मोजली. सुमारे तीन महिन्यांत आईचे आकारमान जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. या काळात ती काही खात नाही, फक्त पाजते. ज्या आईचे अंग जास्त उतरले, तिचे पिल्लू जास्त वाढले. २०२० मध्ये त्यांनी दाखवले, की उत्तर अटलांटिकचे राइट देवमासे त्यांच्या दक्षिणेकडच्या भावंडांपेक्षा स्पष्टपणे रोड आहेत.

या पद्धतीत जुन्या शिकारीचा एक धागा मात्र उरला आहे. चित्रातून आकारमान मिळते, वजन मिळत नाही. आकारमानाचे वजन करण्यासाठी ख्रिश्चनसेन यांच्या गटाला पूर्वी मारलेल्या राइट देवमाशांचे घेर आणि वजने वापरावी लागली. आजचा ड्रोन कोणालाही न दुखावता मोजतो, पण त्याचा काटा जुन्या फलाटांवर लावलेला आहे. ती माहिती टाकून देणे हा त्या जनावरांना न्याय झाला नसता, असे मला वाटते. ती वापरून जिवंत असलेल्यांना वाचवणे हाच तिचा उपयोग.

आपला किनारा

अरबी समुद्राच्या कुबड्या देवमाशाचे पोट नैऋत्य मोसमी वाऱ्यावर चालते. हा वारा ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल पाणी वर आणतो, त्या पाण्यातल्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव आणि तारलीसारखी मासळी. भारताच्या नैऋत्य किनाऱ्यालाही पावसाळ्यात असे पाणी वर येते. ध्रुवाकडे जाणाऱ्या देवमाशाला दुसरे कुरण असते, याला नाही. पर्जन्यछायेतल्या धाराशिवच्या रानात चारा होणार की नाही हे ज्या वाऱ्यावर ठरते, त्याच वाऱ्यावर या जनावराच्या अंगावरची चरबीही अवलंबून आहे. मोसमी वाऱ्याची चाल बदलली तर त्याची बातमी आधी त्याच्या पाठीवर दिसेल, संख्येत नंतर.

हे देवमासे आपल्याकडे येतात याचे पुरावे आता आहेत. २०१७च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांत कुबड्या देवमाशांचे गाणे नोंदले गेले. सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ २०१५ मध्ये निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फुटांचा देवमासा जिवंत लागला आणि तिथेच मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेल्या पिल्लाला गावकऱ्यांनी आणि सरकारी यंत्रणांनी कष्टाने समुद्रात नेले. ते परत आले आणि मेले.

अशा घटनांच्या बातम्यांत लांबी फुटांत हमखास असते. निआर्कसनेही तीच दिली होती. घेर, चरबीच्या थराची जाडी, मानेमागचा खोलगटपणा, पोटात काही होते का, हे वाचायला क्वचित मिळते. जिवंत देवमाशावर ड्रोन नेण्याला परवानग्या लागतात, पैसा लागतो, शिकलेली माणसे लागतात. मेलेल्या देवमाशाचा घेर घ्यायला दोरी पुरते. श्वासरंध्रामागे एक, पुढच्या परांच्या मागे एक, पाठीवरच्या परापाशी एक अशा तीन ठरलेल्या जागी घेर घेतला, बाजूने आणि पाठीवरून फोटो काढले, शवविच्छेदनात त्याच तीन जागी थर मोजला आणि हे सगळे एकाच नमुन्याच्या कागदावर डहाणूपासून रेडीपर्यंत ठेवले, तर दहा-वीस वर्षांत आपल्याकडे काही सांगण्यासारखे जमेल. देवमासे फुगण्याआधी पोचणे गरजेचे आहे, कारण कुजण्याने घेर वाढतो आणि माप फसते. आमच्या खात्यातला कोणताही पशुवैद्य हे काम एका दिवसात शिकू शकेल. किनाऱ्यावरचे कोळी तर पहिल्या तासाभरातच तिथे असतात.

हाडावर आलेले जनावर किनाऱ्याला लागले तर त्याची कहाणी समुद्रात शोधावी लागेल. भरलेले जनावर लागले तर जाळे, जहाजाची धडक किंवा आजार यांचा विचार आधी करावा लागेल. दोन्हींची लांबी सारखीच असू शकते. गाय मेल्यावर पंचनामा करताना आम्ही तिच्या अंगावर मांस होते की नव्हते हे लिहितो, कारण उपासाने मेली की रोगाने, हा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो. देवमाशाच्या पंचनाम्यातही ती ओळ यायला हवी.